बिनशेपटीचं विमान

"काकू, तुमच्या केरात माझं नाक गेलंय काय, बघता?"

मी अंगण झाडत होते. मान वर केली तर तीन नंबरच्या खोलीच्या दारात प्रसन्न उभा. भर वैशाखात डोक्याला लोकरीची टोपी, तोंडाला हिरवा मास्क.

"तुझं नाक जाग्यावर आहे," मी म्हटलं. "मास्कच्या वर आलंय, ते आधी आत घाल."

"माझं नव्हे वो, विमानाचं. उजवी बाजू. पिंपळाच्या पानाएवढी आहे. काल कापून ताटलीत ठेवली होती, आता नाही."

"माझ्या केरातनं आजवर कुणाची सुईसुद्धा गेली नाही. तुझ्या बापाला विचार."

"दादा म्हणतात, वाऱ्यानं उडाली असेल."

"वारा?" मी झाडू भिंतीला टेकवला. "वैशाखातल्या मिरजेत वारा? अरे, दोरीवरचा टॉवेल हलेना झालाय."

तो हसला. मास्कमुळे हसणं सगळं डोळ्यांतच दिसायचं, आणि औषधांनी भुवया झडलेल्या, त्यामुळे ते डोळे फार उघडे वाटायचे.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्याला माझं घर, आणि अंगणालगत पेशंटच्या माणसांना भाड्यानं द्यायच्या चार खोल्या. बाकी गावात निघताना माणूस "येतो" म्हणतो. माझ्या खोल्यांतून निघणारा सरळ "जातो" म्हणतो, आणि मीही कुणाला "या" म्हणत नाही. माझे यजमान सांगलीला हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. ते गेले, त्यांच्या वह्या मालकानं नेल्या, सवय तेवढी माझ्याकडं राहिली. माणूस बघितला की माझ्या मनात दोन रकाने पडतात, इकडं जमा, तिकडं नावे. रात्रंदिवस पेशंटची सेवा करणारी सून जमेला. तिनं केलेली पेज 'मीच केली' म्हणून डॉक्टरांपुढं मिरवणारी नणंद नावे. वाईट खोड आहे, पण तिनं माझी करमणूक होते.

मगदूम बापलेक आले तेव्हा बापाच्या जमेला मी पहिल्याच दिवशी बरंच काही लिहिलं होतं. धोंडीराम मगदूम. गारगोटीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, नुकतेच रिटायर झालेले. मी त्यांना 'कंट्रोलर'च म्हणायची. सकाळी दूध, मग डबा, मग औषधाचं दुकान, सगळं गाडीच्या वेळापत्रकासारखं. दवाखान्याची घंटा एखादे वेळी चुकेल, कंट्रोलरची फेरी चुकायची नाही.

"असेच आहेत ते," प्रसन्न सांगायचा. "एकदा आई मला कडेवर घेऊन स्टँडवर पळत येत होती. आजोळी जायचं होतं. हे केबिनमधनं बघतायत, बायको येतीय, पोरगं येतंय. आणि माइकवर म्हणतात, कोल्हापूर गाडी सोडा!"

"सोडली?"

"सोडली की. आईनं महिनाभर तोंड फिरवलं होतं. दादा म्हणाले, सगळ्यांच्या बायका पळत येतात, मी कुणाकुणासाठी गाडी धरू?"

"गाडी धरली असती तर बाकीची माणसं खोळंबली असती," कंट्रोलर कोपऱ्यातनं गंभीरपणे म्हणाले. वीस-बावीस वर्षांनीसुद्धा त्यांना तो खुलासा करावासा वाटत होता.

प्रसन्नचा डिप्लोमा झालेला. रक्ताचा आजार. वर्षभर गारगोटी-मिरज, मिरज-गारगोटी. आई घरी, कारण दारात दोन म्हशी आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. पोराला कागदाची विमानं करायचा नाद. शाळेतली घडीची नव्हेत, खरीखुरी. समोरच्या सायबरवाल्याकडून जाड कागदावर नकाशासारखी पानं छापून आणायची, ब्लेडनं एकेक तुकडा कापायचा, शाई संपलेल्या पेननं घडीची रेघ दाबायची, कडेच्या बारक्या कानांना टूथपिकनं फेविकॉल लावायचा. कापलेल्या कडेचा पांढरा दोरा दिसू नये म्हणून तीवरनं पेन्सिल फिरवायची. बघत बसावं असं काम.

ह्या खेपेचं विमान मात्र मला विमान वाटेना. नुसता जाड त्रिकोण. मध्ये उभा एक भला थोरला पडदा, आणि त्या पडद्याच्या पुढच्या धारेतच पायलटची जागा.

"ह्याला शेपूट कुठाय?"

"नसतंच."

"इंजिन?"

"ते पण नाही. ग्लायडर आहे. जर्मनीतलं, दुसऱ्या महायुद्धातलं. डीएम-वन. एकच केलेलं, प्रयोगाचं."

"शेपूट नाही, इंजिन नाही. तुझ्या जर्मनांनी ठेवलं काय मग?"

"हवा," तो म्हणाला.

ह्या खेपेला बापलेक आले तेव्हा सुई-सलाईन चालू होतं. मग एक दिवस कंट्रोलर मोठ्या डॉक्टरांना भेटून आले, अंगणातल्या नळावर बराच वेळ तोंड धूत राहिले, आणि खोलीत जाऊन म्हणाले, "आता जरा विश्रांती घ्यायला सांगितलीय. तुझं ते विमान कर निवांत. विमान झालं की घरला जाऊ."

मी ओट्यावर तांदूळ निवडत होते, ऐकलं. मला काय, आनंदच झाला. पण त्यानंतर विमानाचे अवयव गळायला लागले. आधी पायलटची खुर्ची गेली. प्रसन्ननं ते पान पुन्हा छापून आणवलं, खुर्ची केली. मग पुढचं चाक गेलं. तेही पुन्हा केलं. आणि आता नाक.

"दादा, तेवढं सातवं पान परत छापून आणा की," प्रसन्न म्हणाला.

कंट्रोलर चपला घालून गेले आणि आले. "मशीन बंद हाय त्याचं. उद्या बघू."

योगायोग असा की मला लाइटबिलाची झेरॉक्स हवी होती. रस्ता ओलांडून गेले तर सायबरवाल्याची दोन्ही मशीनं खडखडतायत.

"काय रे, मशीन कधी चालू झालं?"

"बंद कधी होतं काकू?"

"मगदूम आले होते ना आत्ता?"

"इकडं नाही आले. पलीकडं पानपट्टीपाशी उभे होते थोडा वेळ. मग गेले."

पान न खाणारा माणूस पानपट्टीपाशी उभा राहून परत जातो. मी त्यांच्या नावेच्या रकान्यात पहिल्यांदा काहीतरी लिहिलं, पण काय लिहायचं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंट्रोलर ओट्यावर बसले होते. मी सासऱ्यांच्या वेळची एक औषधाची बाटली घेऊन गेले.

"ह्याच्यावरचं बारीक जरा वाचा हो. मला दिसत नाही."

"चष्मा आत ऱ्हायला, आक्का."

"मग खिशात काय फुगलंय?"

त्यांचा हात खिशावर गेला. सदऱ्याच्या खिशात चष्म्याचं घर होतं, जुनं, काळं, झाकण टकटक वाजणारं.

"उघडा," मी म्हटलं.

माझ्या घरात भाड्यानं राहणाऱ्या माणसाशी मी ह्या आवाजात कधी बोलले नव्हते. त्यांनी उघडलं. चष्मा होता, आणि त्याच्या खाली, पुसायच्या फडक्याच्या घडीत, कागदी खुर्ची, चाक आणि उजवं नाक. मोडू नयेत म्हणून नीट ठेवलेले. नव्या नवरीचे दागिनेसुद्धा कुणी इतके जपून ठेवत नाही.

"ह्याला काय म्हणायचं कंट्रोलर?"

त्यांनी झाकण लावलं. समोर रस्त्यापलीकडं दवाखान्याची इमारत होती, तिकडं बघत राहिले.

"मोठे डॉक्टर म्हणाले, आता घरला न्या. जेवढे दिवस हायत तेवढे घरात काढू दे. गाडीत बसवायजोगा हाय तवर न्या म्हणाले."

"कधी म्हणाले?"

"झाले की दिवस. विमान कर म्हणालो त्याच दिशी."

मी बाटली खाली ठेवली.

"त्याला माहिती आहे?"

"न्हाई. त्याला वाटतंय विश्रांती हाय."

"आणि त्याच्या आईला?"

"तिला फोनवर सांगितलंय, रिपोर्ट चांगले हायत. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

"कंट्रोलर," मी म्हटलं, "तुम्ही कागद चोरत नाही. दिवस चोरताय. आणि ते तुमचे नव्हेत. ती माउली तिकडं म्हशीची धार काढताना दारातनं रस्त्याकडं बघत असेल. तिचे आहेत ते."

"मला कळत न्हाई व्हय?" त्यांचा आवाज चढला, आणि लगेच खोलीकडं बघून खाली आला. "हितं हाय तवर समोर दवाखाना दिसतोय, आक्का. काय झालं तर पळत जाता येतंय. एकदा गाडीत बसवला की संपलं. त्याचा अर्थ एकच. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या मी, घड्याळ बघून. ही एक गाडी माझ्यानं सोडवंना."

त्यांनी चष्म्याचं घर पुन्हा खिशात घातलं. "अजून चार दिवस. तुम्ही काही बोलू नका त्याला. तुमच्या पाया पडतो."

पाया पडतो म्हणणारी माणसं मी पुष्कळ बघितलीत. बहुतेक पडत नाहीत. हे खरंच वाकले, म्हणून मी मागं सरले आणि तिथनं निघाले.

दुपारी कंट्रोलर औषधाच्या दुकानात गेले तेव्हा मी नाचणीची आंबील घेऊन तीन नंबरमध्ये शिरले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. प्रसन्न पलंगावर उशांना टेकून बसला होता. मांडीवर पाट, पाटावर बिननाकाचं विमान.

"नाक मिळालं नाही अजून?" मी उगाच विचारलं.

"चष्म्याच्या घरात आहे ना?"

माझ्या हातातली वाटी हिंदकळली.

"बसा काकू. सांडेल."

"तुला माहिती होतं?"

"खुर्ची गेली तेव्हाच. दादांना चोरी करता येत नाही. चोरली की दिवसभर चष्मा लावत नाहीत. पेपर उलटा धरला होता त्या दिवशी."

"आणि… बाकीचं?"

"नर्स लोक इतकं गोड बोलायला लागले की समजायचं." त्यानं आंबिलीचा एक घोट घेतला आणि वाटी बाजूला ठेवली. "ह्या विमानाची गोष्ट सांगितली नाही ना मी तुम्हाला? हे कंपनीनं केलेलं नव्हे. कॉलेजच्या पोरांनी केलंय, लाकूड आणि प्लायवूडनं. डार्मश्टाट आणि म्युनिक, दोन गावांची पोरं, म्हणून डीएम. लढाई हरत आलेली. पोरांना धरून धरून सीमेवर पाठवत होते. असं म्हणतात, की हे काम हातात होतं म्हणून ती पोरं वाचली. काम चालू आहे तोवर बोलावणं नाही."

"मग?"

"मग विमान पुरं व्हायच्या आत लढाईच संपली. अमेरिकन आले, त्यांनी पुरं करून घेतलं आणि बोटीत घालून नेलं. मोकळ्या हवेत हे कधी उडालंच नाही."

मी त्या त्रिकोणाकडं बघत राहिले. "म्हणजे तुझा बाप…"

"दादांना ही गोष्ट मीच सांगितलेली. पहिल्या दिवशी." तो हसला, पण ह्या खेपेला डोळ्यांत काही आलं नाही. "त्या पोरांची लढाई बाहेर होती काकू. काम रेंगाळलं तर ती तिकडंच राहिली. माझी आत आहे. ती कशाला थांबतीय?"

"मग सांग ना बापाला! घरी जायचं नाही का तुला?"

"घरी?" त्यानं टोपी काढली, डोक्यावरनं हात फिरवला, पुन्हा घातली. "मला आईच्या हातचं खायचंय. जीभ गेलीय, चव कळणार नाही, तरी खायचंय. म्हशीच्या अंगाचा वास घ्यायचाय. हसू नका."

मी हसत नव्हते.

"पण मी म्हटलं, चला, तर त्यांना कळणार मला सगळं ठाऊक आहे. मग ते माझ्यासमोर उभे राहू शकणार नाहीत. आणि त्यांनी आपणहून नेलं, तर पुढं आयुष्यभर म्हणत बसतील, दवाखान्यातनं मी काढलं म्हणून पोरगं गेलं. त्यापेक्षा हे झालं की निघायचं असं ठरलंय ना? ठरलंय ते होऊ दे. कुणी कुणाला सांगितलं असं नको."

मग म्हणाला, "जाड कागद आहे काय तुमच्याकडं? छापलेला नको. कोरा."

घरात कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका पडली होती. आत गणपती, नावंगावं, मागची बाजू पांढरीशुभ्र. ती दिली. त्यानं डाव्या नाकाचा छापील कागद काचेवर पालथा धरला, उजेडात दिसणारी रेघ पत्रिकेच्या पाठीवर उतरवली. डाव्याची उलटी केली की उजवी बाजू झाली. हात थरथरत होते. औषधांनी नखं काळी पडलेली. ब्लेड दोनदा निसटलं तेव्हा मी म्हटलं, "आण, मी कापते." तर म्हणाला, "तुम्ही भेंडी कापल्यासारखं कापाल. नुसतं धरा."

मी धरलं. फेविकॉल वाळेपर्यंत त्या नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवून बसले. त्याचा श्वास लागत होता. कपाळाला हात लावला तर कढत. सगळं राखाडी-हिरवं विमान, आणि नाकाची उजवी बाजू तेवढी पांढरी. पेन्सिल फिरवून रंग दे म्हटलं, तर नको म्हणाला.

कंट्रोलर आले. दारात चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली.

"दादा, झालं," प्रसन्न म्हणाला.

"काय झालं?"

"विमान. काकूंनी मदत केली."

कंट्रोलरनी माझ्याकडं बघितलं. मी वाटी घेऊन उठले होते, तशीच उभी राहिले. ते पलंगापाशी आले. त्यानं विमान दोन्ही तळहातांवर धरून पुढं केलं. त्यांनी घेतलं नाही, नुसते वाकले.

"चष्मा लावून बघा की."

त्यांचा हात खिशाकडं गेला आणि खिशावरच थांबला.

"दिसतंय," ते म्हणाले. "तसंच दिसतंय मला."

"हे नाक जरा पांढरं झालंय. चालेल ना?"

पांढऱ्या नाकावर कंट्रोलरनी एक बोट ठेवलं, अगदी हलकं, झोपलेल्या पोराच्या गालाला लावावं तसं. फेविकॉल अजून ओला होता. बोट चिकटलं, सुटलं.

"चालतंय," ते म्हणाले. "चांगलं झालंय."

"मग निघायचं?"

समोर दवाखान्याच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या. त्यांनी तिकडं बघितलं नाही. सवयीनं मनगटावरच्या घड्याळात बघितलं, बिनचष्म्याचं त्यांना काही दिसलं नसणार.

"सकाळी निघू," ते म्हणाले. "उन्हाच्या आत. जीप सांगून येतो." आणि चपला न घालताच अंगणातनं चालायला लागले.

सकाळी जीप दारात लागली. प्रसन्नला मागच्या सीटवर उशा लावून निजवला, विमान त्याच्या पोटावर. तापानं त्याला ग्लानी होती. मी पाण्याची बाटली दिली, त्यानं डोळे मिचकावल्यासारखं केलं. ड्रायव्हर गाडी चालू करून कंट्रोलरकडं बघत राहिला. कंट्रोलर पुढं बसलेले, ओठ घट्ट. गाडी नुसतीच धडधडत होती. शेवटी ते म्हणाले, "सोडा."

पुढच्या आठवड्यात निरोप आला. गारगोटीला मी नंतर भेटायला गेले. असं मी कुणाकडं जात नाही. चार खोल्यांतली माणसं मोजत बसले तर मला रोज एका गावाला जावं लागेल. पण गेले.

प्रसन्नच्या आईनं, मालनताईंनी, चहा ठेवला. बारीक अंगाची बाई, डोळे रडून रडून कोरडे. सोप्यात कंट्रोलर भिंतीला टेकून बसलेले. सदऱ्याला खिसा होता, खिशात काही नव्हतं.

"आला तवा अंगात ताप," त्या सांगत होत्या. "तरी म्हशीजवळ नेऊन बसवा म्हणाला. बसवला. भाकरी-दूध कालवून दिलं, चार घास खाल्लं. म्हणाला, आई, गोड लागतंय. एक दिवस बोलला बघा माझ्याशी. एकच. दुसऱ्या दिवशी वळखलंच न्हाई त्यानं."

मी कप हातात धरून होते.

"माझा भाऊ दवाखान्यात जाऊन आला चौकशीला," त्या म्हणाल्या. आवाज अजून तसाच, सपाट. "तिथं म्हणाले, आम्ही कवाच सोडलावता. घरला न्यायला सांगिटलंवतं. मग एवढं दिवस तुमच्या खोलीत का ठिवला? तवा आणला असता तर चार दिवस बोलला असता माझ्याशी. हेंना इचारलं तर हे बोलत न्हाईत. तुमी सांगा."

कंट्रोलरनी डोळे मिटले. मग उघडले, आणि त्यांचे ओठ हलले.

"मालन, मीच…"

"चहा निवतोय तुमचा कंट्रोलर," मी म्हटलं. मग मालनताईंकडं वळले. "मी ठेवून घेतला, ताई. हे तर रोज निघू म्हणत होते. मीच म्हटलं, पोर एवढं जीव लावून विमान करतंय, पुरं करू दे. घाई करू नका."

"तुमी?"

"मीच."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग नवऱ्याकडं. "आनि तुमी ऐकलासा हेंचं?"

कंट्रोलरनी मान खाली घातली. ती होकाराची होती की कशाची, मालनताईंनी आपल्यापुरतं ठरवलं.

"भाडं मिळत हुतं तुमास्नी," त्या मला म्हणाल्या.

हे मला लागलं. उत्तर तोंडाशी आलं होतं, ते गिळलं.

आत कुठंतरी सासूबाई कण्हल्या. मालनताई उठल्या, माझ्या पुढ्यातली बिस्किटांची बशी उचलली, आणि दारापर्यंत जाऊन वळल्या.

"तुमाला पोरं नसतील," त्या म्हणाल्या. रागानं नव्हे. मला समजून घ्यायला त्यांना तेवढं एकच कारण सापडलं होतं.

मला दोन मुलगे आणि एक मुलगी. धाकट्याचा फोन त्याच सकाळी येऊन गेला होता, जेवलीस का म्हणून.

"नाहीत," मी म्हटलं.